खंड सातवा, पान चारशे बारा

भागी वहिनी मेथर टेम्पोतून उतरल्या
तेव्हा वाचनालय उघडून दहाच मिनिटं झाली होती.
बर्फाच्या पेट्यांमागे तेरा खंड,
राज्यसभेच्या वादविवादांचे, निळ्या बांधणीचे,
सुतळीने आवळलेले, सुंगटांचा वास लागलेले.
म्हणाल्या, "घरात वाळवी लागता गो.
तुमच्याकडे पावडर तरी मारतत."

दाखल-नोंदवहीत मी लिहिलं : देणगी. मूल्य नाही.
समिती म्हणाली, खालच्या फळीवर ठेवा,
कोण वाचतंय.

वेंगुर्ल्यात दुपारी दोन ते चार कोणीच काही वाचत नाही.
मी वाचले.

श्री. ल. ग. मेथर (महाराष्ट्र).
आमचे लवूकाका.
सहा वर्षांत एकेचाळीस वेळा उभे राहिले,
तेवीस वेळा बोलू दिलं.
खाडीच्या तोंडाशी साचलेला गाळ.
डिझेलचा परतावा.
बंदराच्या बत्तीचा गेलेला बल्ब,
ह्या एका बल्बासाठी दोन अधिवेशनं.
आणि वादळातून न परतलेल्या होडीवरची पाच माणसं.
त्यांची नावं ते वाचायला लागले
तेव्हा पीठावरून सूचना आली :
यादी पटलावर ठेवा, माननीय सदस्य, वाचू नका.
चार झाली होती.
त्यांनी पाचवं वाचलं आणि मग बसले.

उत्तरं सगळी एकाच हातची :
माहिती गोळा करण्यात येत आहे.
खंड तिसऱ्यापासून अकराव्यापर्यंत
माहिती गोळा करण्यात येत आहे.
केवढं जाळं टाकलंय कोण जाणे,
ओढतायत, ओढतायत,
वाळूवर अजून एक खवलं नाही.

नववा खंड मात्र मुका.
पर्ससीनच्या जाळ्यांवर दोन दिवस चर्चा,
मेथर हजर, मेथर गप्प.
का, ते दिल्लीला कळलं नसेल.
नवाबागेत शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे :
त्याच वर्षी पुतण्याने पर्ससीनचा ट्रॉलर घेतला.
हे मी सांगायला नको होतं.
पण अनुक्रमणिकेत ते कुठेच नाही,
आणि मी वाचलंय तर सगळं वाचलंय.

सातव्याकडे मी पुन्हा पुन्हा जाते.
त्या दिवशी ते मराठीत बोलले.
आदल्या दिवशी तशी चिठ्ठी द्यावी लागते,
दुभाषा बसवायचा म्हणून.
बोलले रापणीबद्दल.
दुभाष्याने बिचाऱ्याने काय करावं,
पानाखाली बारीक टीप आहे :
मासेमारीचे एक जाळे.
लवूकाका सांगत होते, महोदय, जाळं नव्हे,
जाळं तर आहेच, पण रापण म्हणजे माणसं,
दोन दोऱ्या, चाळीस-पन्नास माणसं, आणि आमच्याकडे
जो दोरी ओढतो त्याला

(घंटा)

उपसभापती : आपली वेळ संपली आहे.
श्री. ल. ग. मेथर : एकच वाक्य, महोदय.
उपसभापती : पुढचे वक्ते.

वाक्य तिथेच. पूर्णविरामसुद्धा नाही.
भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी वहिनींना विचारलं.
त्या सुकं निवडत होत्या, मान वर केली नाही.
"जो दोरी ओढता तेका वाटो गावता.
आणि जो नुसतो येवन उबो ऱ्हवता,
तेकाय चार बांगडे."
मग थोड्या वेळाने,
"इतक्याच सांगूचा होता तेंका."

पेन्सिल काढली होती मी, समासात लिहावं म्हणून.
वाचनालयाची शिस्त आडवी आली, शिवाय
माझं अक्षर त्या छपाईशेजारी कसं दिसेल.

शनिवारी सकाळी खंड पिशवीत घालून किनाऱ्याने निघाले,
बांधणी सुटलीय, शिवून घ्यायची होती.
रापण लागत होती.
उभी राहिले. दोरीला हात लावला नाही,
साडी चांगली होती, आणि मला येतही नाही ते.
कोणीतरी, तोंडही नीट दिसलं नाही,
जाता जाता माझी पिशवी उघडली,
काहीतरी ओलं, थंड, धडपडणारं आत टाकलं
आणि पुढे गेला.

मोजले. चार.